पंखापलीकडचा हात

१

सेंत-ओर्मिसच्या त्या कारखान्यात पूर्वी चर्चचे बाक बनत. युद्ध सुरू झालं तशी बाकांची लाकडं भिंतीशी रचली गेली आणि मधल्या मोकळ्या जागेत एक विमान उभं राहू लागलं. एकच. वर एक, खाली एक असे दुहेरी पंख, एकामागे एक दोन बैठका. नव्या पोरांना उडायला शिकवण्यासाठी. पाय लांब आणि बारीक होते, म्हणून गावानं त्याला ‘बगळा’ म्हणायला सुरुवात केली. राजधानी ऑटावाहून सैन्याचे लोक शुक्रवारी ते बघायला येणार होते. पसंत पडलं तर असे दोनशे बगळे करायचे होते. नाही पडलं तर पुन्हा बाक.

दोनाल्दा पंख शिवायची. तीन पंख झाले होते, शेवटचा, खालचा डावा, राहिला होता.

पंख आडवा ठेवून शिवता येत नाही. तो लाकडी घोड्यांवर भिंतीसारखा उभा करायचा. दोन्ही अंगांना लिननचं कापड ताणून बसवलेलं, वर रोगणाचा एक हात, त्यामुळे टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजायचं. अलीकडे एक बाई, पलीकडे एक बाई. अलीकडचीनं फूटभर लांबीची सुई पंखातल्या लाकडी फासळीला लागून आत खुपसायची, पलीकडचीनं ती ओढून घेऊन फासळीच्या दुसऱ्या बाजूनं परत पाठवायची. मग अलीकडचीनं गाठ मारायची. दोन्ही अंगांचं कापड फासळीशी असं जखडून टाकायचं, की हवेत गेल्यावर वरच्या अंगाचं कापड फुगून सुटू नये. दोघींना एकमेकींचं तोंड दिसत नसे. तयार असल्याची खूण म्हणून कापडावर बोटानं दोनदा टकटक करायचं, बस.

पलीकडे एक्झिल्दा असायची. तिची सुई एक वेळ थांबेल, तोंड थांबणार नाही.

“जागी आहेस का गं दोनाल्दा? का संत आनच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीस?”

“तू गप्प बसलीस तर झोपेन.”

“आठवा मंगळवार ना आज? साखर नाही, लोणी नाही. नववा होईपर्यंत तू या सुईतून आरपार जाशील बघ. दोरा वाचेल कारखान्याचा.”

दोनाल्दा हसली. व्रत खरंच कडक होतं. नऊ मंगळवार, बिनसाखरेचा चहा, कोरडा पाव, कामावर यायच्या आधी चर्चमध्ये संत आनच्या मूर्तीपुढे गुडघ्यांवर बसून एक दिवा. प्रभूची आई मारिया, तिची आई ती. आईचं दुःख तिला वेगळं सांगावं लागत नाही, असं दोनाल्दाची आई म्हणायची.

दुःख विल्ब्रोदचं होतं. एकवीस वर्षांचा तिचा मुलगा. टपालाच्या विमानवाल्याकडे राहून तो उडायला शिकला होता. त्याचं नाव हवाई दलाच्या यादीत लागलं होतं आणि मार्चमध्ये हॅलिफॅक्सहून युद्धावर जाणारं जहाज सुटणार होतं. मात्र बगळ्याची ऑर्डर मिळाली, तर मालक पत्र देणार होते, की हा मुलगा आम्हाला इथंच शिकवायला हवा. शुक्रवारी बगळा उडवायचा होता तोही विल्ब्रोदनंच.

म्हणून तिनं नवस बोलला होता. शब्द अगदी साधे होते. “आई, माझ्या लेकराला या गावाबाहेर जाऊ देऊ नकोस. याच मातीत ठेव त्याला.”

२

बाराची घंटा झाली. तीन ठोके, मग पुन्हा तीन, मग पुन्हा तीन.

या घंटेला गावात कुणाचाही हात हलत नाही. सुतार रंधा ठेवतो, बर्फ वाहणारा आपला घोडा थांबवतो, भांडणारे भांडण थांबवतात. कारखान्यातही सगळे शेगडीपाशी जमून डोकी खाली घालत. दोनाल्दानं नुकतीच सुई आत खुपसली होती. ती जागच्या जागी उभी राहिली, हात जोडले, डोळे मिटले.

“प्रभूच्या दूतानं मारियेला निरोप दिला…”

समोर कापडाला बारीक फट्‌ असा आवाज झाला. तिनं डोळे उघडले. सुई परत आली होती. टोक तिच्या छातीपासून चार बोटांवर होतं.

तिला रागच आला. एक्झिल्दा बोलघेवडी खरी, पण घंटेच्या वेळी हात चालवणारी नव्हती. प्रार्थना संपल्यावर तिनं सुई ओढून गाठ मारली आणि पुढचा टाका घातला.

“लाज नाही वाटत? दोन मिनिटं थांबवेना तुला?”

उत्तर नाही. टकटक मात्र झाली. दोनदा.

रुसली असेल, असं वाटून दोनाल्दानं विषय बदलला. वाटाण्याच्या सूपात मीठ किती जास्त झालं, शेजारणीनं पडदे किती भडक लावले, सगळं सांगून झालं. सुई जात होती, येत होती. दहा टाके झाले, बारा झाले. पलीकडून हूं नाही की चूं नाही.

तेवढ्यात आदेलार मेस्त्री आला. बाकांच्या काळापासून तोच मुकादम होता. कानामागे पेन्सिल, तोंडात विझलेला पाइप.

“एकटी कुणाशी बोलतेस गं?”

“एकटी कुठे? ही आहे ना, फुगलीय माझ्यावर.”

“एक्झिल्दा? ती कधीच गेली. घंटेच्या आधीच. तिच्या लेकीला कळा सुरू झाल्या, जावई गाडी घेऊन आला होता. तुला सांगायची शुद्ध कुठली तिला! पुढल्या आठवड्याशिवाय काही येत नाही ती आता.”

दोनाल्दा पंखाच्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेली. तिथे पंख आणि खिडकीची भिंत यांच्यामध्ये एका माणसापुरती बोळ होती. खिडकीवर बर्फ साचून अंधुक झालेलं. एक्झिल्दाचं स्टूल होतं. बाकी कोणी नव्हतं. पांढरं कापड आणि पांढरा उजेड, याउपर तिनं काही पाहिलं नाही. ती माणूस शोधायला गेली होती, माणूस नव्हतं.

३

“रोगणवाल्या पोरींतली एखादी देतो तुला,” मेस्त्री म्हणाला. “पण त्यांना हे शिकवेपर्यंत शुक्रवार उजाडेल.”

“नको. मी एकटीच करते.”

“दोन्हीकडून? फेऱ्या मारून मारून चक्कर येईल.”

“येऊ दे. तुम्ही जा मेस्त्री, तुमचा पाइप पेटवा एकदाचा.”

तो गेल्यावर तिनं स्वतःला समजावून पाहिलं. रोगणाच्या वासानं डोकं जड होतं, पोटात सकाळपासून कोरडा पाव. एखाद्या वेळी सुई आत फासळीला अडून उलटी आली असेल. पण बारा वेळा? आणि प्रत्येक वेळी नेमक्या जागी?

मग तिला आठवलं, आज मंगळवार. संत आनचा वार. शिवणाऱ्या बायकांची राखणदार तीच. हातात सुई घेतलेली तिची तसबीर दोनाल्दाच्या आईच्या खाटेवर टांगलेली असे. दोनाल्दाचे डोळे भरून आले. तिनं कधी काही फार मागितलं नव्हतं आयुष्यात. नवरा ओविद दर हिवाळ्यात लाकूडतोड्यांच्या तळावर जाई, तो नदीचं बर्फ फुटल्यावरच परत येई. तिनं तेही कधी मोठ्यानं म्हटलं नाही, की लवकर ये. आज पहिल्यांदा काही मागितलं, आणि बघ, आई स्वतः पलीकडे येऊन उभी राहिली.

तिनं दोन बोटांनी कापडावर हलकेच वाजवलं.

पलीकडून लगेच उत्तर आलं.

त्या दिवशी उजेड जाईपर्यंत तीन फासळ्या झाल्या. एक्झिल्दाबरोबर दोनही होत नसत.

४

बुधवारी सकाळी ती कोणाच्याही आधी आली. पलीकडे जाऊन बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. ज्यांनी मदत केली त्यांचं तोंड बघायचा आग्रह धरू नये. तो उर्मटपणा झाला.

काम इतकं सुरेख चाललं, की तिला गाणं म्हणावंसं वाटलं. एकदा तिचं लक्ष उडालं आणि सुई जागेपासून बोटभर खाली गेली. परत आली ती बरोबर रेघेवर. कधी कधी तिनं गाठ मारून हात खाली घेतलेलाही नसे, आणि टकटक होई. घाई असल्यासारखी. दोऱ्याचं रीळही संपेना. दोन दिवसांत चार रिळं लागायची, तिथे दुसरंच अजून अर्धं होतं. संत आन दोराही वाचवते, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि एक्झिल्दाच्या थट्टेची आठवण होऊन तिला हसू आलं. ते हसू मधेच का थांबलं, ते तिला कळलं नाही.

संध्याकाळी विल्ब्रोद चुलीपाशी पाय शेकत बसला होता.

“आई, मेस्त्री म्हणतो तुझ्या अंगात आलंय. एकटीनं सहा फासळ्या?”

“देवाची मदत असते.”

“मग देवाला सांग, शुक्रवारी वारा पश्चिमेचा ठेव. माझ्या पुढच्या बैठकीत ऑटावाचा मेजर बसणार आहे, त्याला मळमळलं तर दोनशे बगळे त्याच्या मांडीवरच जातील.”

“काहीतरीच बोलतोस.”

“खरंच सांगतो. मी त्याला गिरकी मारून दाखवणार. तुझा पंख एवढा घट्ट शिवलेला असताना मला कसली भीती?” त्यानं सूपाचा वाडगा पुढे केला. “आणि हे बघ, तू अशी रडवेली नको होऊस. ऑर्डर मिळाली की मी इथंच. तुझ्या डोळ्यांसमोर. कंटाळशील तू मला.”

“मी नाही कंटाळणार.”

“मी कंटाळेन कदाचित,” तो हसत म्हणाला.

त्या रात्री दिवा मालवल्यावर तिला घंटेची आठवण झाली. बाराच्या घंटेला जी प्रार्थना होते, ती मारियेला. देवदूतानं जिला निरोप दिला त्या मुलीला. आणि मारिया कोणाची? आनची लेक. आपल्या लेकीला सगळं गाव मान तुकवत असताना आई हात थांबवणार नाही? दुसरं कोणीही तेव्हा हात चालवील एक वेळ. ती?

दोनाल्दानं कूस बदलली. झोप काही आली नाही.

५

गुरुवारी एकच फासळी उरली होती. तिनं ती मुद्दाम हळू शिवली. बाराला थोडा अवकाश असताना तिनं सुई आत घातलीच नाही. ती मुठीत घट्ट धरून उभी राहिली.

घंटा झाली. शेगडीपाशी पाय सरकल्याचे आवाज आले, मग शांतता. दोनाल्दानं डोळे उघडेच ठेवले आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

“प्रभूच्या दूतानं…”

टकटक.

“…मारियेला निरोप दिला…”

टकटक. टकटक. आवाज तिच्या तोंडासमोरून येत होता. मग कमरेशी. मग पुन्हा तोंडासमोर. कापड थरथरत होतं. तिनं प्रार्थना सोडली नाही. ‘नमो मारिये’ म्हणताना बोटांचा वेग एवढा वाढला, की ते वाजवणं राहिलं नाही, खरवडणं झालं.

त्याच क्षणी बाहेर ढग सरला. चार दिवसांत पहिल्यांदा पलीकडच्या खिडकीवर ऊन आलं आणि सगळा पंख कंदिलासारखा उजळला. आतल्या फासळ्यांच्या सावल्या दिसू लागल्या, एकसारख्या, सरळ. पाचवी आणि सहावी यांच्यामध्ये आणखी एक सावली होती. ती सरळ नव्हती. कोपरात दुमडलेली होती.

पंखाच्या पलीकडे नव्हती ती. दोन कापडांच्या मधे होती.

मग ती टोकाच्या दिशेनं, जिथे पंख निमुळता होत जातो आणि हाताचा पंजासुद्धा मावणार नाही, तिकडे सावकाश सरकली. ऊन गेलं.

प्रार्थना संपल्यावर दोनाल्दा वळसा घालून बोळीत गेली. या वेळी तिनं माणूस शोधलं नाही. तिनं कापडावरून हात फिरवला. एक्झिल्दानं घातलेले टाके बोटांना लागले, पहिल्या फासळ्यांवर, ओबडधोबड, ओळखीचे. त्यापुढे काही नव्हतं. कापड गुळगुळीत होतं. एक भोक नाही, एक दोरा नाही. तीन दिवसांत तिची सुई या बाजूला एकदाही बाहेर आली नव्हती.

आणि अलीकडे मात्र सगळ्या गाठी तारेसारख्या ताठ होत्या.

ती एक्झिल्दाच्या स्टुलावर बसली. ही पंखाची वरची बाजू. हवेत पहिली गिरकी मारली, की हे कापड फुगेल, फाटेल, आणि बगळा नदीकाठच्या शेतात उतरेल, नाक खाली करून. चर्चमागच्या दफनभूमीत जागा आहे. विल्ब्रोद या गावाबाहेर जाणार नाही. याच मातीत राहील.

आपण जे मागितलं, ते कोणीतरी ऐकलं होतं. शब्दन्‌शब्द ऐकलं होतं.

आता ती गप्प राहिली तर तो उद्या उडणार. बोलली, तर पंख पुन्हा शिवायला चार दिवस. मेजर थांबणार नाही, ऑर्डर नाही, पत्र नाही. मग हॅलिफॅक्स. मग समुद्र, आणि समुद्रापलीकडे जे काही असेल ते.

“मेस्त्री!” तिनं हाक मारली. “आदेलार मेस्त्री, इकडे या. आत्ता!”

तो आला. तिनं काही सांगितलं नाही, नुसता हात केला. त्यानं बोळीत शिरून कापडावरून तळवा फिरवला. मग वळसा घालून अलीकडच्या गाठी बघितल्या. पुन्हा बोळीत गेला. तोंडातला पाइप काढून खिशात ठेवला.

“दोनाल्दा,” तो अगदी हळू म्हणाला, “हा दोरा गेलाय कशाभोवती?”

“मला माहीत नाही.”

“ओढून धरलंय कोणीतरी.”

“हो.”

त्यानं छातीवर क्रूस केला आणि कमरेची सुरी तिच्यासमोर धरली. “तू घातलेस. तूच काप.”

तिनं पहिली गाठ कापली. दोऱ्याची टोकं लोंबली नाहीत. चट्‌कन आत गेली, शेवया ओढून घ्याव्यात तशी. दुसरी. तिसरी. प्रत्येक वेळी कापड थोडं सैल पडे. मेस्त्री पुटपुटत प्रार्थना म्हणत होता. शेवटची गाठ कापल्यावर तिनं सुरी उभी फिरवून सगळं कापडच वरून खाली चिरलं.

आत पिवळ्या लाकडाच्या स्वच्छ फासळ्या होत्या. ताज्या भुश्श्याचा वास आला. तीन दिवसांचा दोरा, त्यातला वीतभरही कुठे नव्हता.

६

शुक्रवारी मेजर आला. त्यानं एका बाजूनं उघडा हाडकुळा बगळा बघितला, चहा घेतला, घड्याळ बघितलं. तो काही वाईट माणूस नव्हता. दुसऱ्या एका ठिकाणचं विमान तयार आहे, असं त्यानं मालकांना समजावून सांगितलं. दोनशे सोडाच, दुसरा बगळाही कधी झाला नाही. पुढच्या सोमवारी सुतारांनी भिंतीशी रचलेल्या बाकांच्या लाकडांवरची धूळ झटकली.

“टाके माझे चुकले,” एवढंच दोनाल्दानं सगळ्यांना सांगितलं. मेस्त्रीनं तिला खोटं पाडलं नाही. एक्झिल्दा नातवाच्या बारशाचं गोड घेऊन आली. दोनाल्दाचं तोंड बघून तिनं एकही थट्टा केली नाही, तेव्हा दोनाल्दाला ती फार आवडली.

विल्ब्रोद आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा, उठायचा. नवव्या मंगळवारी ती चर्चमध्ये गेली, दिवा लावला आणि मूर्तीपुढे बसली. काय मागावं ते तिला सुचेना. तिच्या मनात आलं, की गेल्या आठ मंगळवारी ती या बाईशी बोललीच नव्हती. तिनं फक्त आपल्या भीतीला हाक मारली होती. ज्यानं ‘ओ’ दिली, ते भीतीच्या हाकेला आलेलं होतं. मूर्तीचा चेहरा जुना होता, नाकावरचा रंग गेलेला. ती दिवा संपेपर्यंत बसली. उठताना तिला हलकं वाटलं.

मार्चच्या पहिल्या शनिवारी स्टेशनावर बर्फ गुडघाभर होतं. गाडी सुटायला वेळ होता. विल्ब्रोदनं पिशवी खाली ठेवली.

“आई, तू पंख कापलास तो का?”

तिनं सांगितलं. सगळं, सावलीसकट. तो हसेल म्हणून ती थांबत थांबत बोलली. तो हसला नाही.

“गुरुवारी पहाटे मी गेलो होतो तिथे,” तो म्हणाला. “तू यायच्या आधी. नुसता बघायला. त्या खिडकीपाशी बादलीतलं पाणी गोठतं, आई. मी पंखावर हात ठेवला तर कापड कोमट होतं. गाईच्या पोटासारखं. मी बराच वेळ हात काढला नाही.” त्यानं मान खाली घातली. “मला आवडलं ते. वाटलं, इथंच राहावं. कुठेच जाऊ नये. म्हणून कोणाला बोललो नाही.”

तिनं त्याचा हातमोजा काढला आणि तो तळवा आपल्या दोन्ही हातांत घेतला. थंड होता. बाहेरच्या हवेइतका थंड, माणसाच्या हाताइतका थंड. तिला फार बरं वाटलं.

इंजिनानं शिटी दिली. दूर जाणाऱ्या मुलाला बाप आशीर्वाद देतो. पण ओविद तळावर होता, बर्फ फुटल्याशिवाय त्याला यातलं काही कळणारही नव्हतं. विल्ब्रोदनं टोपी काढली आणि सगळ्या लोकांदेखत तो तिच्यासमोर बर्फात गुडघ्यांवर बसला.

“तू दे, आई.”

दोनाल्दानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस लहानपणी होते तसेच मऊ होते. तिच्या ओठांवर कितीतरी मागणी आली, एकामागून एक, आणि तिनं ती सगळी गिळली. देवाच्या नावानं तिनं हवेत क्रूस काढला. त्याबरोबर एक शब्दही जोडला नाही.

मग तो उठायच्या आधी, तिनं स्वतःच आपला हात उचलून घेतला.